दिव्याखालची मिरची : पेरणीपासून बरणीपर्यंत

कुंडीकर

शेवंतीच्या धाग्यावर प्रकाशाच्या तासांची चर्चा चालू असताना दोघातिघांनी विचारलं, की घरात दिव्याखाली लावलेल्या मिरचीलाही फुलं यायला बारा तासांवर आणायचं का. नाही आणायचं. त्या धाग्यात हे हरवून जाईल, म्हणून वेगळा धागा काढतो आहे.

शेवंती अल्पदिनी आहे. रात्र पुरेशी लांबल्याशिवाय तिला कळी धरत नाही, आणि मध्यरात्री पाच मिनिटं दिवा लागला तरी तिचा हिशेब बिघडतो. गार्नर आणि ॲलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून हे पहिल्यांदा नीट मांडलं. मिरची मात्र दिन-तटस्थ आहे. रोपाचं वय आणि पेरांची संख्या भरली की ती फुलते, दिवस लहान असो की मोठा. साध्या मिरचीला साधारण ८ ते १५ पानं झाली की मुख्य खोड दुभंगतं आणि त्या बेचक्यात पहिली कळी दिसते.

मग तासांचं काम काय? तास म्हणजे अन्न. दिवसभरात पानावर एकूण किती प्रकाश पडला तेवढाच हिशेब. पानाच्या पातळीवर मिळणारे मायक्रोमोल (चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणाऱ्या प्रकाशकणांचं माप) × तास × ०.००३६ = दिवसाचे मोल. ४०० मायक्रोमोल १६ तास दिले तर २३ मोल. ५०० दिले तर १४ तासांतच २५ होतात. फळावरच्या मिरचीला २० ते ३० मोल हवेत. त्यामुळे फुलं आणण्यासाठी म्हणून तास १२ वर आणले तर फुलं लवकर येत नाहीत, फक्त अन्न पाव हिश्शाने कमी होतं.

माझं माप असं:

रोप उगवल्यापासून चार पानांपर्यंत १५० ते २०० मायक्रोमोल, १६ तास.
पुढे पहिल्या कळीपर्यंत ३०० ते ३५०, १६ तास.
कळीनंतर ४०० ते ६००, १४ ते १६ तास.

मोजायचं यंत्र नसेल तर पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागा, अंदाज येतो. २८,००० लक्स म्हणजे ४०० च्या आसपास. मोबाइलमधलं लक्सचं ॲप अगदी अचूक नसतं, पण मधल्या आणि कोपऱ्यातल्या कुंडीत किती फरक आहे ते त्यावर बरोबर कळतं, आणि खरी गरज तिथेच असते.

दिवा किती वॉटचा? ६० × ६० सेंटिमीटर जागेला चांगल्या प्रतीचा १०० वॉट. 'चांगला' म्हणजे एका वॉटला अडीच मायक्रोमोलच्या आसपास देणारा. असा दिवा सेकंदाला एकूण २५० मायक्रोमोल टाकतो, जागा ०.३६ चौरस मीटर म्हणून चौरस मीटरला ते ७०० च्या आसपास होतात, थोडा भिंतींवर वाया जातो, तरी पानांवर ५०० च्या जवळपास उरतात. खोक्यावर '१००० वॉट' लिहिलेले दिवे प्रत्यक्षात प्लगमधून किती वॉट खेचतात तो आकडा बघून घ्या.

रात्र मात्र द्याच. चोवीस तास दिवा चालू ठेवून वेळ वाचत नाही. टोमॅटोची पानं सलग प्रकाशात पिवळी पडून खराब होतात, मिरचीचीही वेडीवाकडी होतात.

---

पर्णिका

छान धागा. उगवणीबद्दलही लिहा ना. माझ्याकडे साध्या मिरच्या आठवड्यात उगवतात, पण जास्त तिखट जातींच्या बिया पंधरा दिवस झाले तरी हलत नाहीत. आणि जी उगवली ती सुतासारखी बारीक, लांब झाली आहेत.

---

कुंडीकर

पर्णिकाताई, दोन वेगळे प्रश्न आहेत.

उगवणीला हवेचं नाही, मातीचं तापमान बघा. २६ ते ३० अंश असेल तर साधी मिरची ७ ते १० दिवसांत येते. जास्त तिखट जाती (हबानेरो, भूत जोलोकिया या कुळातल्या) ३ ते ४ आठवडेही घेतात, त्यांचा ट्रे घाईने फेकू नका. २० च्या खाली सगळंच रेंगाळतं. खोली गार असेल तर रोपांसाठीचा गरम पॅड घ्या, पण थर्मोस्टॅटशिवाय नको, ३५ च्या वर बी भाजतं. बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल ठेवा. फार वर राहिलं तर टरफल पानांना टोपीसारखं अडकून बसतं. तसं झालं तर ओढू नका. त्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा, अर्ध्या तासात टरफल मऊ होतं, मग टोकाने हलकेच सरकवा.

रोप लांबडं होण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच: कोंबाची मान वर आली आणि दिवा लागला नाही. पहिली मान दिसली त्याच दिवशी दिवा चालू करा आणि पॅड काढा. ऊब जास्त आणि उजेड कमी, या जोडीनेच सूत निघतं. आता झालेल्या रोपांना पुढच्या कुंडीत बीजपत्रांपर्यंत खोल लावा, काम भागेल. टोमॅटोला पुरलेल्या खोडावर जशा भरपूर मुळ्या फुटतात तशा मिरचीला फुटत नाहीत, पण आधार मिळतो.

रोप जमिनीच्या रेषेत बारीक होऊन आडवं पडत असेल तर ती मर आहे, लांबडेपणा नव्हे. माध्यम सतत ओलं आणि हवा कोंडलेली असली की होते. ते रोप वाचत नाही. उरलेल्यांवरचं झाकण काढा, छोटा पंखा लावा, वरचा थर सुकू द्या.

---

वाफसा

माध्यमाबद्दल मी लिहिते, कारण घरातली निम्मी मिरची तिथेच बिघडते.

कोकोपीट घेतलं तर न धुता वापरू नका. नारळाच्या काथ्यात मिठं असतात, आणि त्याच्या कणांवर सोडियम आणि पोटॅशियम चिकटून बसलेलं असतं. त्यात रोप लावलं की कोकोपीट तुमच्या खतातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतं आणि तेवढं सोडियम, पोटॅशियम सोडून देतं. वरून कितीही खत घाला, कोवळी पानं वळलेली आणि नवी वाढ फिकीच दिसते. म्हणून:

१. वीट भिजवून फुगवा, दोन-तीनदा पाणी घालून निथळू द्या. खालून येणाऱ्या पाण्याची ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर) ०.५ च्या खाली येईपर्यंत.
२. मग १० लिटर पाण्यात १० ते १५ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात कोकोपीट रात्रभर भिजत ठेवा.
३. सकाळी निथळा, एकदा साध्या पाण्याने धुवा.
४. ७० भाग कोकोपीट, ३० भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे).

कुंडी साध्या मिरचीला १० लिटर पुरते, मोठ्या झुडपाच्या तिखट जातींना १५. मात्र चार पानांचं रोप थेट १० लिटरमध्ये टाकू नका. एवढं माध्यम ते पिऊ शकत नाही, तळ आठ-आठ दिवस ओला राहतो आणि मुळ्या कुजतात. आधी अर्धा लिटर, कुंडीच्या कडेला मुळ्यांची जाळी दिसली की मोठी.

खत. मी सुटी विद्राव्य खतं वापरते. १० लिटर पाण्याला:

कॅल्शियम नायट्रेट ८ ग्रॅम
पोटॅशियम नायट्रेट (१३:०:४५) ४ ग्रॅम
मोनो पोटॅशियम फॉस्फेट (०:५२:३४) २ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट ४.५ ग्रॅम
चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यं, पाकिटावरच्या मात्रेने

याची ईसी साधारण १.७ येते, शिवाय तुमच्या पाण्याची मूळ ईसी. रोपांना हेच निम्म्या ताकदीने. फळं लागली की पोटॅशियम नायट्रेट ५ ग्रॅम.

एक गोष्ट चुकवू नका: कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट किंवा फॉस्फेट एकाच बाटलीत घट्ट विरघळवून ठेवायचं नाही. तळाला पांढरा गाळ बसतो, तो जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट. तो परत विरघळत नाही आणि झाडाला मिळतही नाही. दोन बाटल्या ठेवा, आणि बादलीभर पाण्यात एक पूर्ण मिसळल्यावरच दुसरी ओता.

१९:१९:१९ बद्दल कुणीतरी विचारेलच. मातीत ठीक आहे. कोकोपीटमध्ये नको, त्यातलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं, आणि कॅल्शियम तर अजिबात नाही.

पाणी कधी? वाफशावर. शेतातला शब्द आहे पण कुंडीलाही तंतोतंत लागू पडतो: ओल आहे आणि हवाही आहे. पाणी देऊन निथळल्यावर कुंडी उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या, आणि ते एक तृतीयांशाने उतरलं की परत द्या. प्रत्येक वेळी दिलेल्या पाण्याच्या १० ते २० टक्के खालून निघालं पाहिजे, नाहीतर क्षार साठतात. ते निघालेलं पाणी बशीत ठेवू नका.

---

नवी_पालवी

वाफसाताई, पाण्याचा पीएच ७.८ आहे. लिंबाचं सत्त्व घालून ६ वर आणते, पण दुसऱ्या दिवशी बादलीत परत ७ च्या वर गेलेला असतो. मीटर बिघडला आहे का?

---

वाफसा

मीटर बहुधा ठीक आहे. लिंबाचं सत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल, ते पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात आणि पीएच परत चढतो. शिवाय जड पाण्यातले बायकार्बोनेट हळूहळू निष्प्रभ होतात, तोवर आकडा वर सरकत राहतो. सौम्य फॉस्फोरिक आम्ल वापरा, ते टिकतं. क्रम महत्त्वाचा: आधी खत, मग पीएच. खतांमुळेच तो थोडा उतरतो. ५.८ ते ६.३ मध्ये कुठेही असला तरी चालतो, दशांशाच्या मागे लागू नका. आणि आम्ल नेहमी पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे.

मीटरची शंका असेल तर ७.० आणि ४.० च्या द्रावणात बुडवून बघा. काच कोरडी ठेवली की मीटर मरतो, टोपीत साठवणीचं द्रावण दोन थेंब असू द्या.

---

हिरवा_दांडा

शेंडा खुडण्याबद्दल काय मत? सगळीकडे सांगतात की ६-८ पानांवर शेंडा मारला की झुडूप होतं आणि उत्पादन दुप्पट होतं.

---

कुंडीकर

मी मिरचीचा शेंडा मारत नाही. मिरची स्वतःच दुभंगते. पहिल्या कळीपाशी दोन फांद्या, त्यांच्या टोकाला परत कळी आणि परत दोन. हे तिचं अंगचं आहे. वरून शेंडा मारला की रोप एक-दोन आठवडे थांबतं आणि पहिलं फळ तेवढंच लांबतं.

---

देठासकट

कुंडीकरांशी अर्धा सहमत. बंदिस्त जागेत उंचीचा प्रश्न खरा असतो. दिव्यापासून पानांपर्यंत ३० सेंटिमीटर तरी अंतर लागतं, आणि काही जाती मीटरभर सरळ वर जाऊन मगच दुभंगतात. अशांना ६ ते ८ पानांवर खुडलंच पाहिजे. बगलेतून चार-पाच फुटवे येतात आणि सगळ्या फांद्या एका उंचीवर राहतात, म्हणजे दिव्याचा उजेड सारखा वाटला जातो. उत्पादन दुप्पट वगैरे होत नाही. जागा नीट वापरली जाते, एवढंच.

दोन अटी. रोप दणकट असेल तरच, पिवळं किंवा नुकतंच कुंडी बदललेलं असेल तर दहा दिवस थांबा. आणि पहिली कळी दिसल्यावर खुडू नका, मग उशीर झालेला असतो. त्यापेक्षा फांद्या मऊ दोरीने आडव्या ओढून कुंडीच्या काठाला बांधा. मिरचीची फांदी बेचक्यात फार ठिसूळ असते, पाणी देण्याच्या आधी, झाड थोडं मलूल असताना वाकवा.

ठरावीक उंचीचे बुटके टोमॅटो शेजारी लावले असतील तर त्यांना मात्र कात्री लावूच नका. त्यांची फांदी फुलांच्या घोसाने संपते, एकूण किती फांद्या येणार ते जवळपास ठरलेलं असतं. तुम्ही बगलफूट काढली की तेवढे घोस गेले. त्यांचं घड्याळ थांबत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात त्यांना ना पाण्याचा ताण द्यायचा ना मुळ्यांना धक्का.

---

कुंडीकर

उंचीचा मुद्दा मान्य. सरळसोट जातींना खुडा, पसरणाऱ्यांना नको, असं वाचणाऱ्यांनी धरावं.

पहिली बेचक्यातली कळी मात्र मी काढतो. रोप लहान असताना ते एकच फळ सगळं अन्न ओढतं आणि पुढच्या फांद्या अडकतात.

---

पर्णिका

आता माझं झाड भरभरून फुलतं आहे, पण फुलं देठासकट गळतात. देठ आधी पिवळा होतो, मग बोटाने स्पर्श केला तरी पडतं. खत तुम्ही दिलंय त्याच प्रमाणात आहे. आत मधमाशा नाहीत म्हणून असेल का?

---

देठासकट

मधमाशी लागत नाही. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, फक्त हलावं लागतं. बाहेर वारा हलवतो. आत पंख्याची हलकी झुळूक, किंवा दिवा लागल्यावर दोन-तीन तासांनी फांदीला बोटाने टिचक्या मारा. बॅटरीचा दात घासायचा ब्रश फुलामागच्या देठाला क्षणभर टेकवला तर पिवळी धूळ उडताना दिसते. नाही दिसली तर पराग एक तर चिकट झाला आहे किंवा तयारच झाला नाही.

कारणं या क्रमाने तपासा. पहिलं, रात्रीचं तापमान. २४-२५ च्या वर किंवा १५ च्या खाली रात्र गेली की फूल टिकत नाही, दिवसा ३२-३५ च्या वर परागच निकामी होतो. झाडं बंदिस्त तंबूत लावली असतील तर दिव्याची उष्णता आत कोंडते, म्हणून थर्मामीटर भिंतीला नाही, फुलाच्या उंचीला, सावलीत टांगा. गरम दिवसांत दिवा रात्री चालवून दिवसा अंधार ठेवणं हा सोपा उपाय आहे, झाडाला घड्याळ माहीत नसतं.

दुसरं, हवेतला ओलावा. ५० ते ७० टक्के. २६ अंशाला ६५-७० टक्के असेल तर बाष्पदाबातली तूट (हवा पानातून किती जोराने पाणी ओढते त्याचं माप) १ ते १.२ किलोपास्कल येते, फुलाफळातल्या झाडाला ती मानवते. ८५ च्या वर पराग गोळा होऊन बसतो.

तिसरं, नत्र. पानं गर्द हिरवी, मोठी, खाली वळलेली आणि फुलं गळतात, असं असेल तर कॅल्शियम नायट्रेट ६ ग्रॅमवर आणा.

चौथं, पाण्याचा झटका. एकदा पूर्ण सुकवून मग बादली ओतली की तीन-चार दिवसांनी गळ दिसते. कारण आजचं नसतं, मागच्या आठवड्यातलं असतं, म्हणून वहीत तापमान आणि पाणी लिहून ठेवा.

---

नवी_पालवी

फळाच्या टोकाला मऊ तपकिरी डाग पडतोय, मग काळा. कॅल्शियम कमी आहे म्हणून पानांवर कॅल्शियम फवारू का?

---

वाफसा

पानावर फवारलेलं कॅल्शियम पानातच राहतं, तिथून फळाकडे सरकत नाही. ते फक्त मुळांकडून येणाऱ्या पाण्याबरोबर चढतं, आणि फळ पानांच्या मानाने फारच कमी पाणी ओढतं. त्यामुळे पाणी एक दिवस चुकलं की पहिली झळ फळाच्या टोकाला. खत बरोबर असूनही हे होतं. पाणी नेमाने द्या, ईसी २.२ च्या वर जाऊ देऊ नका, अमोनियमची खतं टाळा. डाग पडलेली फळं काढून टाका, ती सुधारत नाहीत. पुढची फळं ठीक येतील.

---

भिंग

किडीवर कुणी लिहिलं नाही अजून. आत लावलं म्हणजे कीड नाही हा समज सोडा. आत किडीला खाणारे मित्रकीटक नसतात आणि पाऊस धुऊन नेत नाही, त्यामुळे एकदा शिरली की बाहेरपेक्षा वेगाने वाढते.

बोकड्या हा शब्द आपण पानं वळली की सरसकट वापरतो, पण पान कुठे वळतंय त्यावरून निम्मं निदान होतं.

पानाच्या कडा वर वळून होडी झाली, पृष्ठभागावर चंदेरी ओरखडे आणि काळे ठिपके असतील तर फुलकिडे. फूल पांढऱ्या कागदावर झटका, काडीसारखे पिवळसर-तपकिरी किडे पळताना दिसतात.

कडा खाली वळून उलटी होडी, पान अरुंद आणि लांबट, शेंड्याची कोवळी पानं कडक, मागून तांबूस-तेलकट चमक, असं दिसलं तर पिवळा कोळी. हा नुसत्या डोळ्याला दिसत नाही, ०.२ मिलिमीटरचा असतो. ४० ते ६० पट भिंगातून कोवळ्या पानाच्या मागे बघा. अंडी लंबगोल, पारदर्शक, आणि त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. एकदा पाहिली की विसरत नाहीत. पुष्कळ जण याला कॅल्शियमची कमतरता समजून तीन आठवडे खत बदलत बसतात, तोवर सगळे शेंडे गेलेले असतात.

पान आक्रसलेलं, शिरा पिवळ्या, झाड खुजं आणि आसपास पांढरी माशी असेल तर विषाणू. त्याला औषध नाही. झाड पिशवीत बांधून बाहेर काढा.

उपाय. फुलकिडे आणि माव्याला कडुनिंब तेल ५ मिली, सौम्य द्रवसाबण १ ते २ मिली, १ लिटर कोमट पाणी. आधी साबण आणि तेल घोटायचं, मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं जळतात. दिवा बंद झाल्यावर, पानांच्या मागून, दर ५-६ दिवसांनी तीनदा. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून तीन.

कोळ्याला पाण्यात मिसळणारं गंधक, २ ते ३ ग्रॅम लिटरला. तेलाची फवारणी झाल्यावर दोन आठवडे गंधक नाही, आणि ३२ अंशांच्या वर नाही, पानं करपतात. त्याआधी वळलेले शेंडे कापून पिशवीत घाला, कोळी सगळ्यात दाट तिथेच असतात.

कोकोपीटवर उडणाऱ्या बारीक काळ्या माश्या: वरचे दोन सेंटिमीटर सुकू द्या, पिवळे चिकट सापळे कुंडीच्या काठाजवळ आडवे ठेवा. फुलकिड्यांना निळे सापळे जास्त बरे. सापळ्याने कीड संपत नाही, पण दर आठवड्याला किती चिकटले ते मोजलं की वाढतेय की उतरतेय ते कळतं.

नवीन रोप आणलं की १४ दिवस वेगळ्या खोलीत. हा एक नियम पाळला तर वरचं सगळं क्वचितच लागतं.

---

हिरवा_दांडा

पानाच्या मागे मिठाच्या कणांसारखे खरखरीत फोड आहेत. भिंगातून हलणारं काही दिसत नाही.

---

भिंग

ती सूज आहे, कीड नाही. मुळं पाणी ढकलतात आणि दमट, स्थिर हवेत पान ते सोडू शकत नाही, मग पेशी फुगून फुटतात. पाणी कमी वेळा द्या, पंखा वाढवा. आधीचे फोड जात नाहीत, नव्या पानांवर आले नाहीत म्हणजे जमलं. फवारू नका.

---

देठासकट

तोडणी आणि वाळवण. इथे घाई केली तर चार महिन्यांची मेहनत बुरशीत जाते, म्हणून जरा सविस्तर.

फुलापासून हिरवी मिरची ३० ते ४० दिवसांत भरते, लाल व्हायला ५० ते ६०, तिखट कुळातल्यांना आणखी दोन-तीन आठवडे. पूर्ण हिरवी तोडली तर नीट लाल होत नाही. एका बाजूने रंग वळला असेल तर घरात २२-२५ अंशाला कागदावर ठेवल्यास चार-पाच दिवसांत पूर्ण रंगते. झाड जास्त भरलं असेल तर रंग वळतानाच तोडा, वरच्या कळ्यांना वाट मोकळी होते.

ओढू नका, कात्रीने देठासकट कापा. हिसक्याने अख्खी फांदी येते, आणि देठ उपटलेल्या जागेतून फळ कुजायला लागतं.

हातात नायट्रिलचे मोजे. तिखटपणा बियांत नाही, आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होतो, बियांना तो तिथून लागतो. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून हात पोळले तर आधी तेल चोळा, मग साबण. विल्बर स्कोव्हिलने १९१२ साली तिखटपणा मोजायची पद्धत काढली तीही अर्क मद्यार्कात काढून मगच साखरपाण्यात पातळ करत जाण्याची होती, साध्या पाण्यात तो उतरलाच नसता.

वाळवण. ताज्या मिरचीत पाणी ८० टक्के धरलं तर ५०० ग्रॅममध्ये कोरडा भाग १०० ग्रॅम. १० टक्के ओलाव्यावर थांबायचं म्हणजे वजन १११ ग्रॅम भरलं की झालं. ट्रे आधी आणि नंतर तोला, अंदाजावर राहू नका.

धुऊन पूर्ण पुसा. उभी चीर द्या किंवा दोन भाग करा, अख्ख्या मिरचीची साल मेणचट असते, पाणी बाहेर पडत नाही. वाळवणी यंत्रात ५५ अंश, कापलेल्यांना ८ ते १२ तास, अख्ख्यांना दिवसभर किंवा जास्त. ६५-७० वर नेलं तर लवकर वाळते पण काळपट होते आणि वास करपट येतो. खोलीत खिडक्या उघड्या ठेवा, पहिल्या दोन तासांत हवा घशाला लागते. जाड गराच्या जाती वाळवू नका, त्यांची साल कोरडी आणि गर ओला राहतो.

झाली का हे बघायला एक मिरची खोलीच्या तापमानाला थंड करून वाकवा. गरम असताना सगळ्याच लवचिक लागतात. थंड झाल्यावर कडकन मोडली, आणि मोडलेल्या जागी देठाच्या खालचा गरही कोरडा दिसला, तर झाली. तो भाग सगळ्यात शेवटी वाळतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

त्यानंतर लगेच दळायचं नाही. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरा, आत छोटा आर्द्रतामापक ठेवा, सात दिवस रोज हलवा. कमी-जास्त वाळलेल्या मिरच्यांतला ओलावा सारखा होतो. आकडा ५५-६० वर थांबला तर उत्तम. ६५ च्या वर गेला तर त्याच दिवशी परत ट्रेवर, ५० अंशाला दोन-तीन तास. काचेला आतून वाफ दिसली तर आकड्याची वाट बघू नका.

बुरशी दिसलेली मिरची पुसून वापरू नका, आणि तिच्याबरोबरच्या बरणीतलीही नको. सावकाश, दमट हवेत वाळलेल्या मिरचीत ॲस्परजिलस बुरशी वाढते, तिचं अफ्लाटॉक्सिन भाजल्याने किंवा शिजवल्याने जात नाही. बरणी अंधारात ठेवा, लाल रंग प्रकाशाने आणि हवेने उडतो.

---

पर्णिका

फारच उपयोगी. रात्रीचं तापमान २७ निघालं, दिवा रात्री लावायला सुरुवात केली आहे. शेवटचा प्रश्न: दोन जाती शेजारी शेजारी आहेत, पुढच्या वर्षासाठी बी धरलं तर शुद्ध येईल का?

---

वाफसा

मिरची स्वतःच्या परागाने फळते, तरी परकं परागीकरण होतंच, आणि तुम्ही एकच ब्रश दोन्ही झाडांवर फिरवत असाल तर नक्कीच. कळी उमलण्याआधी त्यावर बारीक जाळीची पिशवी बांधा, आत फांदी हलवा, फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधा म्हणजे तोडताना ओळखू येईल. मूळ बी संकरित असेल तर मात्र पुढची पिढी सारखी येणार नाही, पिशवी बांधूनही.

फळ झाडावरच पूर्ण लाल होऊन थोडं सुरकुतू द्या. बी काढून कागदावर, सावलीत, पंख्याखाली आठवडाभर. वाळवणी यंत्रात नाही, ५५ अंशाला वाळवलेल्या मिरचीतलं बी पेरायला भरवशाचं राहत नाही. कागदी पाकिटात जात आणि तारीख लिहा, पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलसोबत, गार जागी. पेरायच्या आधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून २८ अंशाला ठेवून बघा. सातपेक्षा कमी उगवल्या तर ट्रेमध्ये प्रत्येक घरात दोन-दोन टाका.